फियाट हायवेला नेऊ नकोस

नाशिक, गंगापूर रोड

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तुझा फोन झाल्यापासून तोच विषय डोक्यात आहे. आपली १९८४ ची फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, तू ठाण्याला न्यायची म्हणतेस, छोट्याला तिच्यात फिरवायचं म्हणतेस. ऐकून फार बरं वाटलं. पण ती ट्रकवर चढवून ने. चालवत नेऊ नकोस.

"नव्या गाडीत जीव नाही, बाबा," असं तू म्हणालीस. मला नाही पटत. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. घाट उतरताना सारखे दाबले की तापतात आणि पकड सुटते, म्हणून मी कसारा उतरताना दुसरा गिअर सोडत नसे. तुझ्या गाडीला एबीएस आहे. ओल्या रस्त्यावर कचकन ब्रेक दाबला तरी चाकं जाम होत नाहीत, गाडी वळवता येते. धडक झालीच तर पुढचा भाग चेपून धक्का स्वतःवर घेतो, एअरबॅग फुगते. तू मात्र आमच्या फियाटमध्ये पुढच्या सीटवर आईच्या मांडीत बसायचीस, पट्टा ना काही. आता आठवलं की पोटात गोळा येतो.

कसाऱ्याचा तो मे महिना तुला आठवतो? तू तिसरीत होतीस. मुंबईहून येताना अर्ध्या घाटात गाडी गचके खात बंद पडली. हिचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला असतो. चढावर इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पेट्रोल-हवा मिसळून इंजिनला देणाऱ्या कार्ब्युरेटरला पेट्रोल पोचतच नाही. मी पंचा भिजवून पंपावर गुंडाळला. तू बाटली दोन्ही हातांनी धरून त्यावर थोडं थोडं पाणी सोडत होतीस. "बाबा, हिला ताप आलाय का?" म्हणालीस. पंच्यातून वाफ निघत होती. वीसेक मिनिटांनी स्टार्टर मारला आणि एका दमात चालू झाली. तू टाळ्या वाजवल्यास.

तुझ्या गाडीचा पंप टाकीतच, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. ही भानगडच नाही. परवा भिवंडीजवळच्या आमण्याहून समृद्धी महामार्गाने आलीस, तो इगतपुरीपर्यंतचा पट्टा ५ जून २०२५ ला सुरू झाला. बोगद्यामुळे कसारा लागलाच नाही. समृद्धीवर सपाट भागात मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे, आणि आपली १०८९ सीसीची म्हातारी साठावर सुखी असते. मागून येणाऱ्याला तिचा अंदाजच येणार नाही.

म्हणून ती मोडीत द्यायची असं मुळीच नाही. इंजिनातले टॅपेट वाजायला लागले की मला घरात बसून कळायचं. पेट्रोल जास्त येतंय हे नाक सांगायचं. पान्हा, पक्कड आणि पॉलिश पेपर एवढ्यावर मी तिला कितीदा मार्गी लावलं. बिघाड डोळ्यांना दिसायचा, हाताला लागायचा. मशीन कसं चालतं हे मी तिच्याकडून शिकलो, तूही तिच्याच बॉनेटखाली शिकलीस. २०३४ मध्ये तिला ५० वर्षं होतील, मग विंटेज म्हणून नोंदवता येईल. तोवर एकही मूळ भाग बदलून टाकू नकोस.

छोट्याला तिच्यात बसव, पण गाडी उभी असताना. स्टिअरिंगजवळचा गिअर पाडू दे, हॉर्न वाजवू दे.

थंडीत चालू करताना चोक अर्धाच ओढ आणि इंजिन एकसारखं चाललं की लगेच आत ढकल. किल्ली देवघराच्या फडताळात आहे. डिकीत तो पंचा अजून आहे, तो काढू नकोस.

तुझे बाबा