तीस रुपये परत करणारा वकील

मा. संपादक,
स. न. वि. वि.

३ डिसेंबरला वकील दिन झाला. आमच्या तालुक्याच्या बार रूममध्ये डॉ. राजेंद्रप्रसादांच्या तसबिरीला हार घातला, तीन भाषणे झाली, मग वडापाव. स्वातंत्र्यलढ्यात वकील पुढे होते, चालती वकिली सोडून ते तुरुंगात गेले, हे तिन्ही वक्त्यांनी सांगितले आणि ते खरेच आहे. पण वकिली सोडण्याआधी, ती करत असताना, ही माणसे अशिलाशी कशी वागत होती यावर कोणी अवाक्षर काढले नाही. तीस वर्षे दिवाणी न्यायालयात कारकुनी करून मी निवृत्त झालो. मला तोच भाग मोलाचा वाटतो, म्हणून हे पत्र.

गांधी १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन विलायतेहून परतले. मुंबईत त्यांना पहिले काम मिळाले ते लघुवाद न्यायालयातले, म्हणजे छोट्या रकमांचे दावे चालतात तिथले, ममीबाई नावाच्या अशिलाचे. फी तीस रुपये. दलालाला कमिशन द्यावे लागेल, महिन्याला तीन-चार हजार मिळवणारे फौजदारी वकीलसुद्धा देतात, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी दिले नाही. काम साधे होते, प्रतिवादीच्या बाजूने उभे राहून वादीच्या साक्षीदारांचा उलटतपास घ्यायचा. ते उभे राहिले आणि पाय लटपटले, डोके गरगरले, एक प्रश्न सुचेना. खाली बसले आणि अशिलाच्या माणसाला म्हणाले, हे माझ्याच्याने होणार नाही, पटेल नावाच्या वकिलांना वकीलपत्र द्या आणि माझी फी परत घ्या. पटेलांनी एक्कावन्न रुपये घेतले.

ही गोष्ट मुलांना भित्रेपणाचा नमुना म्हणून सांगतात. मी ती कोर्टातल्या माणसाच्या नजरेने वाचतो. काम झेपत नाही हे कळल्यावर खाली बसणारा वकील मी तीस वर्षांत पाहिला नाही. तारीख मागणारे पुष्कळ पाहिले. फी परत करणे तर सोडाच.

दक्षिण आफ्रिकेत गांधींचा चांगला जम बसला, तरी ही सवय सुटली नाही. एखादा विषय आपल्याला येत नसेल तर ते अशिलाला तसे सांगत, दुसऱ्याकडे जा म्हणत, नाहीतर ज्येष्ठ वकिलाचा सल्ला घ्यायची परवानगी मागत. तिथल्या एका हिशेबाच्या दाव्यात लवादाचा निवाडा त्यांच्या अशिलाच्या बाजूने पूर्ण लागला होता, पण त्यात जमेची आणि नावेची गल्लत होती. रक्कम छोटी, चूक मात्र मोठी. विरुद्ध बाजूने निवाड्यावर हरकत घेतली होती ती दुसऱ्याच कारणांवर. गांधींच्या वरच्या वकिलाचे म्हणणे, अशिलाचे नुकसान होईल असे काही कबूल करणे हे वकिलाचे काम नाही. चूक कबूल करायची असेल तर मी उभा राहणार नाही, असेही ते म्हणाले. ही सगळी बोलणी अशिलासमोर झाली, हे मला विशेष वाटते. चूक सांगितली तर आख्खा निवाडा रद्द होऊ शकतो हे त्याला स्पष्ट माहीत होते, आणि ते ऐकून त्याने ठरवले की गांधींनीच बाजू मांडावी, हरलो तर हरलो. न्यायाधीशाने आधी ‘ही लबाडी तर नाही ना’ अशा अर्थाचा सवाल केला. शेवटी चूक दुरुस्त होऊन निवाडा कायम राहिला. निवाडा रद्द झाला असता तरी त्या अशिलाला वकिलाने फसवले असे म्हणता आले नसते.

राजेंद्रबाबूंच्या तसबिरीला हार घातला, तर बिहारमधले चंपारण्यही आठवायला हवे होते. तिथे दर वीस कठ्ठ्यांमागे (कठ्ठा हे तिकडचे जमिनीचे माप) तीन कठ्ठे जमिनीत गोऱ्या मळेवाल्यांसाठी नीळ लावण्याची सक्ती होती. ब्रजकिशोरबाबू आणि राजेंद्रबाबू त्या गरीब रयतेचे खटले चालवत, आणि फीही घेत. १९१७ मध्ये गांधींनी फीचे आकडे ऐकले, हजारांतले, आणि ते थक्क झाले. जी रयत इतकी भेदरलेली आहे तिला कोर्टाचा उपयोग नाही, हे खटले आता थांबवा, असे त्यांनी वकिलांच्या तोंडावर सांगितले. वकिलांनी राग मानला नाही. हे असे मान्य करणे फी परत करण्यापेक्षा जास्त अवघड आहे असे मला वाटते, कारण ‘तुझ्या दुखण्याला माझ्याकडे औषध नाही’ हे सांगणारा आपल्याच दुकानाला कुलूप लावत असतो.

हे अपवाद होते, हे मान्य. तेव्हाचा नियम काय होता ते आपल्याच मुलखात दिसते. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि हुकूमनामे, म्हणजे कोर्टाचे निकालपत्र, हिसकावून जाळले. त्यातले किती हुकूमनामे एकतर्फी झालेले होते! कुळाला समन्स म्हणजे काय तेच ठाऊक नसे, आणि ठाऊक असले तरी घरून निघून दूरच्या कोर्टात कोण जाणार? पुढे १८७९ च्या दख्खनच्या शेतकरी कायद्यात कर्जाचा व्यवहार न्यायाधीशानेच मुळापासून उकरून पाहावा असे आले, आणि गावमुन्सफापुढे (गावातले छोटे दावे ऐकणाऱ्यापुढे) व समेट करणाऱ्यापुढे वकिलाने उभे राहू नये असेही. सरकार परके होते, पण वकिलांविषयीचे लोकांचे मत त्याला बरोबर कळले होते. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण उगीच पडलेली नाही.

आता माझ्या खिडकीतली गोष्ट. वाटपाच्या दाव्यातला एक म्हातारा दर दोन-तीन महिन्यांनी येऊन विचारायचा, “भाऊसाहेब, माझी तारीख कधी?” एकदा मी रजिस्टर काढून पाहिले. दावा चौदा महिन्यांपूर्वीच गैरहजेरीत काढून टाकलेला होता. तो परत बोर्डावर आणायचा अर्ज तीस दिवसांत करायचा असतो. त्याचे वकील मधल्या काळात त्याच्याकडून ‘खर्चाला’ पैसे घेत होते. मी त्याला काय सांगितले? “तुमच्या वकिलांना विचारा.” माझे काम नाही म्हणून. तो गेला, आणि मी पुढचा कागद हातात घेतला. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

आज मोबाइलवर केस नंबर टाकला की पुढची तारीख दिसते. पण अर्ज नामंजूर झाला म्हणजे आपले काय गेले, हे मोबाइल सांगत नाही. वकिलांवर देखरेख ठेवणाऱ्या बार कौन्सिलचा नियम आहे की समोरच्या पक्षाशी असलेला संबंध किंवा दाव्यातला स्वतःचा हितसंबंध वकिलाने अशिलाला मोकळेपणाने सांगावा. चांगला नियम आहे. माझी मागणी त्याच्या पुढची आणि साधी आहे. वकीलपत्रावर सही घेताना वकिलाने मराठीत एक पान द्यावे: दावा कशाचा आहे, आपली बाजू कुठे लंगडी आहे, अंदाजे खर्च किती. आणि दावा किंवा अपील निकाली निघेल त्या दिवशी, काय झाले आणि पुढची मुदत किती, हे लेखी कळवावे.

बारच्या एका ज्येष्ठ वकिलांना मी हे त्या दिवशी वडापाव खाता खाता सांगितले. ते हसून म्हणाले, “भाऊसाहेब, असा कागद दिला तर अशील उठून दुसऱ्या वकिलाकडे जाईल.”

जाईलही. ममीबाईंचे कामसुद्धा पटेलांकडे गेलेच होते.

आपला नम्र,
एक निवृत्त न्यायालयीन कर्मचारी, सातारा जिल्हा
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)