डावीकडच्या सीटवरून शिकवणाऱ्या अण्णांना

अण्णा, सप्रेम नमस्कार.

तुमचे तोंडावर आभार मानायचा प्रयत्न मी तीनदा केला. पहिल्यांदा तुम्ही "चहा टाकायला सांगू का?" म्हणालात. दुसऱ्यांदा जॅक शोधायचं निमित्त करून गाडीखाली गेलात. तिसऱ्यांदा सरळ हिशेबावर आलात, "अलाइनमेंटचे चारशे राहिलेत, बाई." म्हणून आता हे असं, चारचौघांत. तुमचा पुतण्या मोबाईलवर वाचून दाखवेल. तुम्ही जेवायला बसलात की मगच वाच, मध्येच उठून जाता येत नाही, असं मी त्याला बजावून ठेवलंय.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. राहायला साताऱ्यात, शाळा बामणोलीच्या बाजूला. यवतेश्वरचा घाट चढायचा, कास ओलांडायचं आणि पलीकडे उतरायचं, हा रोजचा रस्ता. उन्हाळ्यात तो कुणीही चालवेल. जुलैत मात्र धुकं बॉनेटवर येऊन बसतं, कडेची लाल माती रस्त्यावर वाहून येते आणि सावलीतल्या वळणांवर शेवाळ धरतं. अशाच एका वळणावर मी स्टेअरिंग डावीकडे फिरवलं आणि गाडी ढिम्म वळली नाही. सरळ गटारात. मला काही झालं नाही, बंपर तेवढा गेला.

गाडी तुमच्या गॅरेजला आणली. तुम्ही बंपरकडे पाहिलंसुद्धा नाहीत. वाकून टायर पाहिला आणि विचारलंत, "ब्रेक कुठं दाबलावता? वळणाच्या आधी का वळणात?"

"भीती वाटली तिथं," मी म्हणाले.

"मग बंपर कशाला बदलताय? पुढच्या आठवड्यात परत याल."

मला राग आला होता, हे आज कबूल करते. गॅरेजच्या भिंतीवर टायरच्या कॅलेंडरशेजारी एक फोटो होता. चिखलाने माखलेली जिप्सी, ड्रायव्हर हात उंचावून हसतोय आणि शेजारी हेल्मेट घातलेला एक बारकासा माणूस मांडीवरच्या वहीत काहीतरी लिहितोय. फोटो काढतायत याचंही त्याला भान नाही. ते तुम्ही. नव्वदच्या दशकात पुण्याच्या एका गाडीवाल्याबरोबर मोटारींच्या रॅलीत नेव्हिगेटर म्हणून बसायचात, म्हणजे शेजारी बसून पुढची वळणं वहीतून वाचून सांगायची. स्पर्धेत एकदाही स्टेअरिंग धरलं नाहीत. तरी "तुम्ही चालवायचात?" असं कुणी विचारलं की तुमचं उत्तर ठरलेलं: "मी सांगायचो."

दिवाळीनंतरच्या एका रविवारी तुम्ही मला माणदेशात नेलंत. कोरेगाव, पुसेगाव, गोंदवले करत म्हसवडच्या अलीकडे तुमच्या मेहुण्यांचा पडीक माळ. एका बाजूला बांध, बांधावर चार बाभळी, बाकी सगळा मुरूम. पाऊस सह्याद्रीतच रिकामा होतो, इकडे काही उरत नाही. मेहुणे हसत म्हणाले, "आमच्या रानात पीक येत न्हाई, निदान ड्रायव्हर तरी पिकू द्या." गाडी तुमची जुनी मारुती 800, मागची सीट काढलेली. हेल्मेट दोघांना. ते घातल्याशिवाय चावी मिळायची नाही.

पहिला तास इंजिन सुरूच केलं नाही. सीट पुढे-मागे, पाठ टेकलेली, हात लांब केला की मनगट स्टेअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. मी गेली अकरा वर्षं स्टेअरिंगला मिठी मारून गाडी चालवत होते, हे त्या दिवशी कळलं.

मग फक्की. खो-खोचं मैदान आखतो तशी तुम्ही माळावर आडवी रेघ मारलीत. वीसच्या वेगाने यायचं, रेघेवर ब्रेक दाबायचा, उतरायचं आणि पावलं मोजायची. चार भरली. मग चाळीसने. सतरा. "आता साठला किती?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले पंचवीसेक. तुम्ही नुसते बघत राहिलात. साठला अडतीस पावलं निघाली. अण्णा, वेग दुप्पट केला की थांबायला चौपट जागा लागते, तिप्पट केला की नऊपट. मी सातवीच्या पोरांना वर्ग आणि वर्गमूळ शिकवते. अकरा वर्षं फळ्यावर लिहिलेली गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या पायांनी मोजली. आता मीही पोरांना मैदानावर नेते. गाडी नसते, सायकली असतात.

नंतर तुम्ही माझी स्वतःची गाडी त्याच रेघेवर आणायला लावलीत. नवी, एबीएस असलेली. ती आधी थांबणार याची मला खात्री. ती तुमच्या खटाऱ्याच्या चांगली सात-आठ पावलं पुढे जाऊन थांबली! साध्या 800 ची चाकं जाम होतात, घसरताना समोर मुरमाचा ढीग गोळा करतात आणि त्या ढिगाला अडून गाडी थांबते. एबीएस चाक जाम होऊच देत नाही, त्यामुळे ढीग साचत नाही. त्याच्या बदल्यात स्टेअरिंग मात्र शाबूत राहतं, जाम चाकांची गाडी वळत नाही. कुठलं चांगलं, असं मी विचारल्यावर तुम्ही म्हणालात, "चांगलं-वाईट नस्तंय बाई. आपल्याखाली कुठलं हाय, ते ठावं पाहिजे."

सलग चार रविवार मी ब्रेकशिवाय दुसरं काहीच केलं नाही. घरी नवरा विचारायचा, आज काय शिकलीस? थांबायला. मागच्या वेळी? थांबायलाच.

वजनाचं गणित तुम्ही किटलीवरून समजावलंत. लहानपणी सायकलला दुधाची किटली अडकवून डेअरीवर जायचात. भरलेली किटली त्रास देत नाही, अर्धी भरलेली देते. ब्रेक लावला की दूध पुढे धावतं, सायकल दामटली की मागे. गाडीचं वजनही तसंच हिंदकळतं. ब्रेक दाबला की नाकावर येतं, पुढची चाकं जमिनीत रुततात आणि तेव्हाच ती वळतात. मी गटारात गेले ते वळणात घाबरून ब्रेक कचकन दाबला म्हणून. शेवाळावर पुढच्या टायरांची पकड मुळातच थोडी, ती बहुतेक थांबण्यात खर्च झाली, एबीएस असूनही वळायला फारसं काही शिल्लक राहिलं नाही. तेव्हा ब्रेक सरळ रस्त्यावर दाबायचा आणि वळणात शिरताना हळूहळू सोडायचा, म्हणजे दूध पुढेच राहतं. एकदम सोडला की ते मागे पळतं आणि नाक हलकं होतं. तुमच्या भाषेत "मुंडी वळंना." आणि मागचं टोक सुटलं की "शेपूट आली." मला मुंडी आणि शेपूट पुरेसे आहेत, इंग्रजी शब्द मी नंतर कुठेतरी वाचले.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला वळणात डाव्या पायाने ब्रेक द्यायचा, उजवा पाय रेसवरच ठेवायचा. असं केलं की पुढची चाकं ओढत राहतात, मागची हलकी होऊन शेपूट फिरते. सांगायला सोपं. पण डाव्या पायाला आयुष्यभर फक्त क्लच ठाऊक, तो दाबतो तर तळापर्यंतच! पहिल्याच प्रयत्नात गाडी जागच्या जागी थिजली, तुमचं हेल्मेट डॅशबोर्डवर आपटलं आणि पेन कुठे गेलं ते दोन रविवारांनी सापडलं.

आणि हुलकावणी. उजवीकडे वळायचं तर आधी क्षणभर डावीकडे झुकवायचं, वजन एका अंगाला गेलं की उलट फिरवायचं, गाडी झोक्यासारखी वळते. युरोपात याला उत्तरेकडच्या लोकांचं नाव आहे म्हणे. कबड्डीत चढाईला गेलेला गडी दुसरं काय करतो, असं तुम्ही म्हणालात आणि मला ते लगेच जमलं. बाकी काहीच एवढ्या लवकर जमलं नाही.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं, ती गोष्ट वेगळीच आहे. या सगळ्या वेळात तुम्ही रस्त्याकडे बघत नव्हतात. मी ते पहिल्यांदा हेरलं तेव्हा घाबरलेच. गाडी मुरमावर आडवी चाललीय, धुळीने काच भरलीय, आणि तुमची मान खाली, नजर मांडीवरच्या वहीत. तरी "आता सोडा", "थोडं द्या", "शेपूट येतीया, उलटं घ्या" हे सगळं वेळेवर. माझ्या आधी. मी विचारल्यावर तुम्ही सीटवर थाप मारलीत, "हितनं कळतंय. डोळं उशिरा सांगत्यात." नेव्हिगेटरने मान वर केली तर ओळ चुकते, म्हणून तुम्ही वर्षानुवर्षं गाडी पाठीने आणि कानाने ओळखलीत. मुरमावर टायर पकडीत असला की खरखर येते, सुटला की आवाज पातळ होतो. पुढे तुम्ही मलाच डावीकडे बसवून डोळे मिटायला लावायचात आणि स्वतः चालवायचात. मी ओरडून सांगायचं: मुंडी, शेपूट, मुंडी. दहात चार चुकायचे. दीड महिन्याने एक.

मीही शिक्षक आहे. समोरचा चुकतोय हे दिसत असताना गप्प बसायला काय लागतं ते मला ठाऊक आहे. तुम्ही गप्प बसायचात. मी बांधावर गाडी घातली त्या दिवशीसुद्धा. पुढच्या चाकाला धरणारा लोअर आर्म वाकला, रेडिएटरला बाभळीचा काटा गेला. मला रडू यायचं बाकी होतं. तुम्ही उतरलात, खाली वाकून बघितलंत आणि विचारलंत, "कुठं बघत होता?"

"बाभळीकडे."

"मग गाडीनं ऐकलं की तुमचं."

एवढंच. मग बांधावर बसून काकूंनी दिलेले धपाटे खाल्ले, आणि मेहुण्यांच्या ट्रॅक्टरने 800 गावापर्यंत ओढत नेली. हो, आणि त्या दिवशी एक झालं होतं. धडकायच्या आधी तुम्ही "सोड! सोड गं!" असं ओरडला होतात. एरवी कायम बाई आणि तुम्ही. तो "गं" मी जपून ठेवलाय.

गावातली माणसं बांधावर बसून हसायची. "मास्तरीण बाई शर्यतीला बैल का घेत न्हाईत?" तुम्ही उत्तर दिलं नाहीत, पण परतताना गाडीत म्हणालात, "फॅब्रिझिया पोन्स." मला वाटलं काही पार्टचं नाव असेल. मग कळलं. 1981 मध्ये इटलीतली सान रेमो रॅली मिशेल मूटाँने ऑडी क्वात्रो चालवत जिंकली, जागतिक अजिंक्यपदाची फेरी जिंकणारी ती पहिली बाई. पुढच्या वर्षी आणखी तीन जिंकल्या. जग मूटाँचं नाव घेतं. तुम्हाला मात्र आधी आठवते शेजारी बसून नोट्स वाचणारी पोन्स. मी घरी येऊन हसत बसले होते, अण्णा. जातीचे नेव्हिगेटर तुम्ही!

एका बाबतीत तुमचा राग पाहिला तो पुन्हा पाहायला नको. कासच्या रस्त्यावर काही पोरं हँडब्रेक ओढून गाड्या फिरवत होती, एकाने तर चाकं पठारावर घातली होती. 2012 पासून ते पठार जागतिक वारशात आहे, पण तुमच्या बोलण्यात वारसा वगैरे नव्हता. त्या कातळावर बोटभर माती आणि त्या मातीत एवढी फुलं, तिथे चाक फिरवायचं? तुम्ही गाडी थांबवून जे बोललात ते मी इथे लिहू शकत नाही, माझे विद्यार्थी वाचतात. माळावरचं माळावर, रस्त्यावर माणसासारखं, हा नियम तुम्ही मला पहिल्या दिवशी घातला होता. मी तो मोडलेला नाही.

मागच्या हिवाळ्यात आपण एका टीएसडी, म्हणजे वेळ-वेग-अंतराच्या रॅलीत उतरलो, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर. ठरलेल्या सरासरी वेगानेच जायचं, उशिरा पोचलं तर दंड, लवकर पोचलं तरी दंड. मला वाटलं, एवढं शिकून हे? पण चार रविवार थांबायला शिकलेल्या बाईला ते बरं जमलं. नंबर सांगत नाही, खालून मोजायला सोपा होता.

आता वहीचं. माळावरच्या शिकवणीनंतर आलेल्या जूनमध्ये तुम्ही सहज म्हणून माझ्याबरोबर शाळेपर्यंत आलात. येताना-जाताना मान खाली घालून काहीतरी खरडत होतात. मला वाटलं, गॅरेजचा हिशेब असेल. उतरताना लाल कापडी पाठीची ती वही डॅशबोर्डवर ठेवून गेलात. उघडली तर माझा रस्ता. साताऱ्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत, वळणावळणाने. एक म्हणजे सगळ्यात हळू, सहा म्हणजे जवळजवळ सरळ. "डावं तीन, सावली, शेवाळ. ब्रेक आधी." "उंचवटा, पलीकडं दिसत न्हाई, म्हशी." "उजवं दोन, आत दगड, कापू नका." "शंभर सरळ. हितं पाणी प्या." आणि ज्या गटारात मी गेले होते तिथे फक्त: "डावं दोन. बंपर."

तीन पावसाळे मी ती वही मनात म्हणत शाळेत जातेय. तुम्ही दोनदा परत मागितलीत, ती मी देणार नाही. मात्र शेवटच्या पानांवर माझ्या नोंदी आहेत. मोरीचं काम होऊन रस्ता रुंद झालाय, तिथलं "उजवं दोन" मी "उजवं चार" केलंय. म्हशींची जागाही बदललीय, गोठा पलीकडे गेला. पाऊस सुरू व्हायच्या आत एकदा डावीकडे बसून तपासून द्या. अलाइनमेंटचे चारशे तेव्हाच देते.

तुमची,
बाई