बाई, तुम्ही आजीशी बोललात म्हणून

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

जूनमध्ये शाळेत वजन-उंची घेतली, तेव्हा तुम्ही एकेका मुलाला ग्रंथालयाच्या खोलीत बोलावलंत आणि आकडा कुणाला ऐकू जाऊ दिला नाहीत. आधीच्या शाळेत तो भर वर्गात वाचून दाखवला होता. त्या दिवसापासून पोरं माझ्या लेकाला ‘ढोल्या’ म्हणायला लागली आणि तो मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहू लागला. वजनकाटा म्हटलं की त्याच्या पोटात गोळा यायचा. यंदा घरी येऊन एवढंच म्हणाला, “बाईंनी कुणाला सांगितलं नाही.” त्यासाठी तुमचे आभार मानावे तेवढे थोडेच.

मग तुम्ही घरी आलात. दोन वर्षं मी जे सांगत होते ते सासूबाईंच्या गळी उतरत नव्हतं. “खात्यापित्या घरचं पोर, दृष्ट लावू नका. मोठा झाला की अंग झडतं,” हेच त्यांचं उत्तर. तुम्ही त्यांच्याशेजारी बसलात आणि आधी त्यांच्याच शुगरची चौकशी केलीत, गोळी कधीपासून चालू आहे ते विचारलंत. मग सावकाश सांगितलंत, लहानपणी वाढलेलं वजन बऱ्याच मुलांच्या अंगावर मोठेपणीही राहतं आणि आजीचं दुखणं नातवाला फार लवकर गाठू शकतं. सासूबाई गप्प झाल्या. थोड्या वेळानं म्हणाल्या, “मग उपाशी ठेवू का त्याला?” त्यांना टोचत होतं ते हे, आणि मला कधी कळलंच नव्हतं. तुम्ही म्हणालात, “वाढत्या पोराला उपाशी अजिबात ठेवायचं नाही. वजन आहे तिथं धरायचं, उंची वाढू द्यायची.” बाई, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तोवर मी त्याच्या ताटातल्या भाकऱ्या मोजत होते.

पालकसभेला तुम्ही आजी-आजोबांनाही बोलावलंत. पोरांच्या हातावर पाच-दहा रुपये तेच तर ठेवतात! टेबलावर कोल्ड्रिंकची अर्ध्या लिटरची बाटली होती. तिच्यावरची बारीक अक्षरं एका मुलीनं वाचली, १०० मिलिलिटरला साधारण साडेदहा ग्रॅम साखर. चार ग्रॅमचा एक चमचा धरून पोरं काचेच्या पेल्यात साखर टाकत गेली. १३ चमचे झाले. मागच्या रांगेतून सासूबाईंचा आवाज आला, “अगं बाई, एवढी तर आमच्या घरी सगळ्यांच्या चहाला लागत नाही!” आमच्या फ्रीजमध्ये त्यानंतर बाटली आली नाही, आणि मला एका शब्दानं बोलावं लागलं नाही.

फाटकासमोरच्या मावशींचंही सांगायला हवं. जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायचे नाहीत, असा अन्नसुरक्षेचा २०२० चा नियम आहे. तो दाखवून मावशींना हुसकावता आलं असतं. तुम्ही त्यांना उकडलेल्या शेंगा, पेरू, काकडी ठेवायला सांगितलंत आणि आम्हा पालकांना त्यांच्याकडूनच घ्यायला लावलंत. वेफर्सच्या माळा गेल्या, मावशींची पाटी मात्र रोज रिकामी होते.

मुलांना रोज ६० मिनिटं तरी धावपळ हवी म्हणून साडेपाचला मैदान उघडं ठेवायला लावलंत, दोन-दोन पालकांच्या पाळ्या लावल्यात. माझी गुरुवारची. कित्येक वर्षांनी लंगडी घातली.

दिवाळीच्या सुट्टीत अजिंक्यताऱ्यावर गेलो होतो. अर्ध्या चढणीवर लेकाला दम लागला. तेव्हा “मलाही धाप लागली रे,” म्हणत तुम्ही त्याच्याशेजारी दगडावर टेकलात. सगळे पुढं गेले, तरी तो उठेपर्यंत तुम्ही उठला नाहीत. परवा आम्ही दोघं पुन्हा गेलो. दरवाजाशी तो माझ्या आधी पोचला आणि वळून म्हणाला, “बाईंना कधी आणायचं?”

येत्या रविवारी सकाळी सहाला पायथ्याशी थांबतो. सासूबाई ज्वारीची थालीपिठं बांधून देणार आहेत. नक्की या.

तुमची,
चौथीतल्या एका मुलाची आई, सातारा