दिग्या, तुझंच खरं होतं

झ्युरिक, २१ ऑगस्ट

प्रिय दिग्या,

चौदा महिने तुला एक ओळ लिहिली नाही, तुझे फोनही उचलले नाहीत. इकडे सगळे ठीक, माझा गुडघा बरा आहे. आता खरं ते सांगतो. बाबांना ऐकू येत नाही. गेल्या वर्षी जूनमध्ये तू हेच म्हणालास, तेव्हा मी तुला काय काय बोललो ते आठवलं की जीभ चावावीशी वाटते. ते सगळे शब्द मागे घेतो.

आणि कळलं कुठे, तर गाडीत. माझे बाबा ड्रायव्हर, तुझे वडील गार्ड; आपल्या दोन घरांना दुसरीकडे कुठे काय कळणार!

बाबा जुलैपासून इथे आहेत. तळी नकोत, बाजार नको, "तुमचा घाट दाखव" एवढंच म्हणाले. म्हणून सेंट मॉरिट्झला दोन दिवस गेलो. कूरला मोठी गाडी सोडून लाल मीटरगेज गाडी घेतली. वाटेत लांडवासरचा पूल लागतो. १९०२ सालचा, दगडी, ६५ मीटर उंच, वळणावर उभा, आणि संपतो तो थेट कड्याच्या पोटातल्या बोगद्यात. डबाभर लोक फोटो काढत होते. बाबा मात्र बाहेरचा रूळ किती उचललाय ते बघत होते. बेर्ग्यूनच्या पुढे गाडी डोंगराच्या आत गोल फिरत वर चढते. तेच चर्च खाली पुन्हा दिसलं, पुन्हा दिसलं, तसे बाबा माझ्याकडे वळून म्हणाले, "मागे बँकर कुठाय?" मागून ढकलणारं इंजिन इथे नाहीच म्हटल्यावर त्यांचा चेहरा बघायला तू हवा होतास.

दुसऱ्या दिवशी सेंट मॉरिट्झहून बेर्निनाच्या गाडीने तिरानोकडे निघालो. दिग्या, हा मार्ग तुझ्या वडिलांनीही बघायला हवा होता. १९१० साली पूर्ण झाला. आपल्या कर्जतच्या घाटात चढ सदतीसला एक, इथे हजाराला सत्तर, म्हणजे चौदाला एक! आणि दातेरी रूळ नाही, साधेच रूळ. बाबांनी स्टेशनात वाकून खात्री केली. वीज डीसी, एक हजार व्होल्ट, हे कळल्यावर तर ते त्यांच्या जुन्या डीसी इंजिनावर, डब्ल्यूसीजी-२ वर, पुन्हा ड्युटी लागल्यासारखे ताठ बसले. २,२५३ मीटरवर ओस्पिझिओ बेर्निनाला तिथलं तळं दाखवलं, तर म्हणाले, "पाणी असू दे, उताराला ब्रेक कुठला लावतात ते विचार."

उन्हाळ्यात त्या गाडीला उघडे पिवळे डबे जोडतात, आम्ही त्यात होतो. आल्प ग्र्युम सोडलं की उतार, वळणावर वळण आणि बोगदे. बोगद्यात शिरलो आणि चाकं अशी किंचाळली की माझे दात शिवशिवले. लहान मुलं, म्हातारे, सगळ्यांनी कानावर हात दाबले. बाबा मांडीवर हात ठेवून शांत बसलेले. बाहेर आल्यावर म्हणाले, "फार गुळगुळीत चालते रे. वळणावर चाकाचा आवाजसुद्धा नाही."

वळणावरच्या चाकाच्या आवाजावरून रात्री अंथरुणात पडल्या पडल्या कुठली गाडी किती वेगात उतरतेय ते सांगणारा माणूस तो. मी त्यांचा हात धरला. त्यांना वाटलं, मला थंडी वाजतेय.

इथे तपासणी करून घेतली. दोन्ही कान, वरच्या पट्टीचं जवळजवळ काही उरलेलं नाही. इतकी वर्षं इंजिनात काढली, त्यात वय. म्हणजे फोनवर "बरं बरं" म्हणून ठेवून द्यायचे ते माझ्यावरचा राग नव्हता. समोर बसलं की ते ओठ बघून भागवतात, फोनवर ओठ कुठून आणणार? मी तीन वर्षं त्या "बरं बरं"वर रुसून बसलो होतो.

आणि आता रात्री झोप लागत नाही ती याने की कर्जतला दुधाला आणि पेपरला ते रोज रूळ ओलांडून जातात. पूल आहे, पण ड्रायव्हरला कोण सांगणार? बोललो तर म्हणाले, "मला रूळ शिकवू नकोस." घाट उतरून येणारी गाडी किती मुकाट येते ते तुला माहीत आहे. आपण दोघं त्या संध्याकाळी चिंचा घेऊन पळालो होतो, तेव्हा ओरडून वाचवलं कोणी? बाबांनीच, लांबून, नुसत्या आवाजावरून.

यंत्र लावायला तयार नाहीत. चष्मा चालतो, यंत्र म्हणे म्हातारपण. माझं ऐकणार नाहीत. तुझं ऐकतील, कारण तू गार्डाचा मुलगा आणि गार्डाचा झेंडा दिसल्याशिवाय ड्रायव्हर हलत नाही, हे लहानपणी तूच मला ऐकवायचास. तेव्हा त्यावरून मी तुझी पाटी फोडली होती. आज कबूल.

तुझ्या दुकानाचं कळलं, वाईट वाटलं, सविस्तर बोलू. चिनूला दहावीसाठी शाबासकी. वहिनींना नमस्कार.

बाबा ४ सप्टेंबरला पहाटे मुंबईत उतरतील. त्यांना कर्जतला सोडायला माझा भाऊ येईल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाच्या वेळेला तू दारात उभा राहा. हाक मारू नकोस, समोर जा. पुलावरून ने. मग कानाच्या डॉक्टरांकडे.

आत्ता ते विचारताहेत कोणाला लिहितोयस. मोठ्याने सांगितलं. म्हणाले, "दिगूला लिही, तिकडे बँकर नाही."

तुझाच,
रव्या