उपग्रहाच्या टाकीचं झाकण उघडता येईल असं ठेवा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

१६ जानेवारी २०२५ ला इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेचे दोन उपग्रह अवकाशात एकमेकांना जोडले गेले (यालाच डॉकिंग म्हणतात), कौतुक झालं, व्हायलाच पाहिजे होतं. पण त्यांना घेऊन गेलेल्या रॉकेटच्या शेवटच्या टप्प्यावर, म्हणजे पोएम-४ वर, इस्रोने जागा बदलत चालणारा रोबोटिक हातही पाठवला होता, त्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही. मला तो हात जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण कक्षेतल्या उपग्रहाची दुरुस्ती करायची तर असाच हात लागणार.

अमेरिकेच्या एमईव्ही-१ नावाच्या यानाने फेब्रुवारी २०२० मध्ये इंटेलसॅट-९०१ या दळणवळण उपग्रहाला कक्षेत पकडलं. २००१ चा तो उपग्रह, बाकी सगळं ठणठणीत पण इंधन संपत आलेलं. पकडायला हूक वगैरे काही नव्हतंच, मग मागच्या इंजिनाच्या नळकांड्यात दांडा घालून आतून घट्ट धरलं आणि पुढची पाच वर्षं ढकलायचं काम एमईव्हीनेच केलं. इंधन भरलं नाही हं, भरता येतच नव्हतं!

असं इंधन भरायला नासाने ओसॅम-१ नावाचं यान बनवायला घेतलं होतं, लँडसॅट-७ या जुन्या उपग्रहासाठी. त्याच्या टाकीची झाकणं जमिनीवरच एकदा तारा बांधून कायमची बंद केलेली, म्हणजे रोबोटने आधी वरचं आवरण कापायचं, मग तारा तोडायच्या, मग झाकण फिरवायचं, आणि खर्च इतका वाढत गेला की २०२४ मध्ये नासाने प्रकल्पच बंद केला. याउलट हबल ही अवकाश दुर्बीण. तिचे भाग बदलता येतील असेच बसवले होते, म्हणून अंतराळवीर १९९३ ते २००९ मध्ये पाच वेळा जाऊन दुरुस्ती करून आले.

आता आपलं बघा. आयआरएनएसएस-१ए, म्हणजे नाविक या आपल्या दिशादर्शन यंत्रणेतला उपग्रह, त्याची तिन्ही अणुघड्याळं बंद पडली, त्याच्या जागी २०१७ मध्ये पाठवलेला उपग्रह रॉकेटचं उष्णतारोधक कवचच न उघडल्याने वाया गेला, मग २०१८ मध्ये तिसरा पाठवला. घड्याळाचा डबा बदलता येण्यासारखा असता तरी तेव्हा बदलायला जाणार कोण होतं म्हणा, पण आता डॉकिंगही जमलंय आणि हातही बनतोय.

खालच्या कक्षेतल्या छोट्या उपग्रहांना हे परवडणार नाही, वजन वाढतं. पण ३६ हजार किलोमीटरवरच्या नाविकच्या आणि जीसॅट या दळणवळणाच्या उपग्रहांना तरी पकडायला कडी आणि इंधन भरायला तोंड ठेवणार का, आणि नसेल ठेवणार तर का नाही, हे इस्रोने एकदा लोकांना सांगावं.

— एक वाचक, नाशिक