इंग्रजीतला 'र' आणि शुद्धतेचा धाक

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवार पुरवणीतील इंग्रजी उच्चारांवरचा लेख वाचला. इंग्लंडचे इंग्रजी तेवढे शुद्ध आणि बाकीचे बिघडलेले, हा त्याचा सूर मला मुळीच मान्य नाही. 'कार', 'टीचर' यांतला 'र' उच्चारणे अशिक्षितपणाचे लक्षण आहे, हे त्यातील वाक्य तर फार लागले.

माझ्या भाचीने मागच्या उन्हाळ्यात नागपुरातील एका खासगी शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी मुलाखत दिली. तिने धडा वाचायला सुरुवात करताच समितीतील एका बाईंनी तिला 'टीचर' या शब्दावर थांबवले आणि 'शेवटचा र गिळायचा असतो, हे फारच गावाकडचं वाटतं' असे सर्वांदेखत सुनावले. ती धडा शिकवते कसा, हे मग कोणी पाहिलेच नाही. उमरेडला शिकून इंग्रजीत एम. ए. झालेली ही मुलगी आता चारचौघांत इंग्रजी बोलायला कचरते.

तोच 'र' स्कॉटलंडमध्ये, आयर्लंडमध्ये आणि अमेरिकेच्या बहुतेक भागांत आजही स्पष्ट ऐकू येतो. पूर्वी तो इंग्लंडमध्येही सर्रास होता. अठराव्या शतकात लंडनच्या परिसरात तो गळत गेला आणि वरच्या वर्गाची बोलण्याची तऱ्हा म्हणून पुढे तेच प्रमाण ठरले. इंग्लंडमध्येही ही उतरंड काही कमी नव्हती. १९४१ साली विल्फ्रेड पिकल्स हे उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या बोलीच्या वळणाने बीबीसीवर बातम्या वाचू लागले, तेव्हा श्रोत्यांनी तक्रारी केल्या होत्या. म्हणजे प्रश्न शुद्धतेचा नसून बोलणारा कुठला, कोणत्या घरातला, याचा होता. मुलाखतीच्या त्या खोलीतही तेच घडले.

आपल्याबद्दलही एक तक्रार आहे. आपल्या विनोदी सदरात वऱ्हाडी बोलणारे पात्र प्रत्येक वेळी गबाळे किंवा भोळसटच का असते? मराठीतील आद्य गद्य ज्या ऋद्धिपुरात लिहिले गेले, ते याच वऱ्हाडात आहे. नागपुरातून निघणाऱ्या दैनिकाने तरी याचे भान ठेवायला हवे.

त्याच पुरवणीत, तेवढ्याच जागेत, एखाद्या भाषाशास्त्राच्या प्राध्यापकांकडून या विषयावर लेख लिहवून घ्यावा, ही विनंती. माझ्या भाचीसारख्या मुलींपर्यंत तो पोहोचला पाहिजे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
धरमपेठ, नागपूर