थायरॉईडच्या गोळीसोबत वेळही लिहून द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स.न.वि.वि.

मराठवाड्यात गरोदर बायांना उपकेंद्रातून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतात, हे चांगलेच आहे. पण जिला थायरॉईडची गोळीही चालू आहे, ती पुष्कळदा तिन्ही एकदमच घेते. लोह आणि कॅल्शियम पोटातच लेव्होथायरॉक्सिनला, म्हणजे थायरॉईडच्या गोळीतल्या औषधाला, धरून ठेवतात. औषध रक्तात पुरेसे उतरत नाही, टीएसएच (थायरॉईडचे हार्मोन कमी पडले की रक्तात वाढणारे संप्रेरक) चढते आणि डोस उगाच वाढतो. थायरॉईडची गोळी पहाटे उपाशीपोटी, चहा अर्ध्या-एक तासाने, बाकीच्या गोळ्या चार तासांनी. एवढे आशाताईंच्या प्रशिक्षणात आणि पाकिटावर मराठीत हवे.

थायरॉईड कमी पडण्याचा हा आजार बहुतेकदा हाशिमोटोचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच थायरॉईड ग्रंथीवर उलटल्याचा असतो. नियामक टी-पेशी (पांढऱ्या पेशींचाच एक प्रकार) एरवी प्रतिकारशक्तीच्या बाकीच्या पेशींना आवर घालतात. तो सुटला की पांढऱ्या पेशी ग्रंथीत शिरतात, टीपीओविरुद्ध (ग्रंथीत हार्मोन बनवणाऱ्या एन्झाइमविरुद्ध) प्रतिपिंडे बनतात आणि ग्रंथी झिजत जाते. या नियामक पेशींवरच्या शोधांना २०२५ चे नोबेल मिळाले, तरी थायरॉईडसाठी तो आवर परत बसवणारे औषध दवाखान्यात आलेले नाही. म्हणून आपल्या हाती टीएसएच आणि योग्य डोस, एवढेच आहे. प्रतिपिंडांची तपासणी एकदा पुरे. तिच्यावरचा पुन्हापुन्हाचा खर्च टीएसएचकडे वळवा.

गरोदरपणात हा आवर घट्ट होतो, बाळंतपणानंतर सैल पडतो. मग काही जणींत पहिल्या काही महिन्यांत ग्रंथीतला हार्मोनचा साठा रक्तात सांडतो : धडधड, घाम, हात कापणे. इथे कार्बिमाझोल (हार्मोन बनणे रोखणारे औषध) देणे चूक, कारण ग्रंथी जास्त हार्मोन बनवत नसते. पुढे चौथ्या ते आठव्या महिन्यात हार्मोन कमी पडून थकवा आणि उदासी येते, आणि ‘बाळंतपणाचा अशक्तपणा’ म्हणून घरचेही सोडून देतात, दवाखानाही. प्रतिपिंडे असलेल्या बाळंतिणीची टीएसएच तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात व्हायलाच हवी.

सगळ्यात जास्त गळती ऊसतोडीत होते. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच बघायची असते, गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात तर दर चार आठवड्यांनी. तोवर टोळी बीडहून कारखान्यावर पोचलेली असते. दिवाळीपूर्वीच तीन महिन्यांच्या गोळ्या हातात द्या, माता-बाल कार्डावर डोस आणि पुढच्या तपासणीची तारीख लिहा, आणि कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राने ते कार्ड पाहून रक्त घ्यावे, असा लेखी आदेश काढा. गोळी आधीपासून चालू असलेल्या बाईला निघतानाच सांगून ठेवावे : पाळी चुकली आणि गरोदरपण कळले, की त्याच दिवसापासून आठवड्याला सातऐवजी नऊ गोळ्या, आणि लगेच तपासणी. बाळाची स्वतःची ग्रंथी साधारण बाराव्या आठवड्यानंतर कामाला लागते. तोवर ते पूर्णपणे आईच्या हार्मोनवर असते.

आणि गोळ्या उन्हात तापलेल्या कोपीत राहिल्या तर त्यांचा जोर उतरतो. सुट्या पुडीत न देता बंद पट्टीतच द्याव्यात.

आपले,
मराठवाड्यातील थायरॉईड रुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर व प्रयोगशाळा तंत्रज्ञ